वाट सोडताना : पाचव्या टायरचं ओझं

मागच्या लेखांकात टायरचा आकार वाढवला की गिअर, ब्रेक आणि स्पीडोमीटर यांचं काय होतं ते पाहिलं. पाचव्या टायरचा विषय तेव्हा मुद्दाम बाजूला ठेवला, कारण व्यवहारातही तो शेवटीच आठवतो. बंगळुरात जे. सी. रोडवरच्या दुकानांत मोठे टायर बसवताना हिशेब चार चाकांचा होतो. पाचवं चाक मागच्या दारावरच्या जुन्याच ब्रॅकेटवर कसंबसं चढवलं जातं, नाहीतर जुनी लहान स्टेपनी तशीच राहते. पुढे दार खाली बसू लागलं, लावताना वर उचलून धरावं लागलं, की स्टेपनी कॅरिअरची चौकशी सुरू होते. तीही बहुधा रंग कोणता, जेरीकॅनला जागा आहे का, फोटोत कसं दिसतं, याभोवतीच फिरते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: चाकाचं वजन शेवटी कुठे पोचतं? दाराच्या पत्र्यात, की गाडीच्या चासीत? याचं उत्तर मिळालं की बाकीचे निर्णय फारसे अवघड राहत नाहीत.

जीपच्या इतिहासात हा प्रश्न अगदी सुरुवातीपासून आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबीला मागे दारच नव्हतं. मागच्या पक्क्या पत्र्यावर स्टेपनी बसायची आणि वजन थेट बॉडीत उतरायचं. 1945 मध्ये शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए आली. तिला माल चढवायला मागे फळी दिली, आणि स्टेपनी गाडीच्या बाजूला हलवली. उघडणाऱ्या भागावर चाक टांगायचं नाही, एवढा साधा विचार त्यात दिसतो. 1947 मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीसच्या गाड्या जोडायला घेतल्या, तेव्हा हा वारसा आपल्याकडे आला. नंतरच्या गिऱ्हाइकाला मागे दारही हवं होतं, स्टेपनीही मागेच हवी होती, आणि गाडीची रुंदीही वाढायला नको होती. त्यातून दारावरची स्टेपनी रूढ झाली. आज नाशिकला बनणारी थार घ्या, जिमनी घ्या किंवा फोर्सची गुरखा, तिघींचं पाचवं चाक दारावरच आहे. ही तडजोड वाईट नाही. पण ती एका ठरावीक वजनासाठी आणि ठरावीक रुंदीसाठी केलेली आहे.

ते वजन बदललं की काय होतं, हे उदाहरणादाखल आकडे घेऊन पाहू. थारच्या 255/65 आर18 टायरचा व्यास साधारण 789 मिलिमीटर भरतो. त्याजागी 35 इंची, साडेबारा इंच रुंदीचा टायर आला की व्यास 889 आणि रुंदी सुमारे 318 मिलिमीटर होते. रिमसकट वजन 28 किलोवरून 45 किलोवर गेलं असं धरू. म्हणजे साठ टक्के वाढ. दाराला मात्र ती साठ टक्क्यांपेक्षा जास्त जाणवते. टायर रुंद झाला की त्याची आतली बाजू दाराला टेकते, म्हणून ब्रॅकेट पुढे आणावं लागतं आणि चाकाचा मध्य दारापासून लांब जातो. पूर्वी तो 20 सेंटिमीटरवर असेल आणि आता 25 वर गेला, तर पत्र्याला वाकवणारा जोर 560 किलो-सेंटिमीटरवरून 1125 वर जातो, म्हणजे दुप्पट होतो. दार उघडं असताना तर सगळा भार बिजागऱ्यांवर येतो. बिजागऱ्या एकमेकींपासून 40 सेंटिमीटरवर आणि चाकाचा मध्य त्यांच्यापासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या बिजागरीवरची ओढ 42 किलोवरून साडेसदुसष्टवर जाते. दाराचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. हे सगळं गाडी उभी असतानाचं गणित झालं. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा हेच वजन क्षणभर दोन-तीन पट होतं, आणि बंगळुरातल्या गतिरोधकांवरून रोज जाणाऱ्याला त्यासाठी सकलेशपूरच्या चिखलवाटेपर्यंत जायचीही गरज नाही. पोलाद एका धक्क्याने क्वचितच तुटतं. हजारो लहान धक्क्यांनी थकतं, आणि बिजागरीच्या बोल्टाभोवती किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर दिसू लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: कंपनीने दारावर चाक लावलं आहे, म्हणजे तिथे क्षमता राखून ठेवलेलीच असणार. असतेच. पण किती, हे कंपनीच्याच वागण्यावरून ताडावं. जीप रँग्लर 2021 पासून आपल्याकडे पुण्याजवळच्या रांजणगावात जोडली जाते. त्याच वर्षी अमेरिकेत जीपने रँग्लरच्या रुबिकॉन प्रकाराला कारखान्यातूनच 35 इंची टायर द्यायला सुरुवात केली, आणि त्या पॅकेजमध्ये मागच्या दाराची बिजागरी मजबूत करणारा भागही दिला. आपलं दार सगळं सोसेल असं बनवणाऱ्यालाच वाटलं नाही, तर विकत घेणाऱ्याने ते का मानावं? माझा कौल असा: एक पायरी वर गेलेल्या टायरसाठी, म्हणजे वजन पाच-सहा किलोंनी वाढलं असेल तर, चांगल्या बनावटीचं मजबुतीकरण पुरतं. मात्र ते दाराच्या पत्र्याला जाड पट्टी मारून थांबणारं नको. वजन पट्टीवरून नव्या बिजागऱ्यांवर आणि तिथून बॉडीच्या खांबावर नेणारं हवं. त्याहून मोठं चाक असेल, तर दार मोकळं करून चासीवर आधारलेला, बाजूला वळणारा स्वतंत्र हात घ्यावा.

असा हात निवडताना सर्वांत आधी त्याच्या खुंट्याकडे पाहावं, कारण सगळा भार शेवटी त्या एका उभ्या दांड्यावर येतो. खुंटा बंपरच्या वरच्या पत्र्याला नुसता वेल्ड केलेला असेल तर नको म्हणावं. तो बंपरच्या पोकळीतून आरपार जाऊन खालच्या पत्र्यालाही जोडलेला हवा, आणि बंपर चासीच्या दोन्ही आडव्या-उभ्या बाजूंना बोल्टने बांधलेला हवा. वर-खाली निमुळत्या रोलर बेअरिंग हव्यात, ग्रीस भरायला निपल हवं. नायलॉनच्या बुशवर फिरणारा हात स्वस्त पडतो, पण चिखलाची माती आत गेली की लवकर ढिला होतो. बंगळुरातल्या पिन्याच्या औद्योगिक वसाहतीत असं काम करून देणारे कुशल हात पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोर सुंदर छायाचित्र ठेवण्यापेक्षा हे तपशील ठेवावेत. दुसऱ्या टोकाच्या खटक्यावर हात नुसता अडकून चालत नाही, तो खाली टेकून दाबला जायला हवा, नाहीतर खडखड कायमची. हात पूर्ण उघडल्यावर त्याला अडवणारी पिन लागतेच. उतारावर उभ्या गाडीत 45 किलोंचं चाक घेऊन परत येणारा लोखंडी हात माणसाचं काय करील ते सांगायला नको. आणि खुंटा उजवीकडे असावा: आपण डावीकडून गाड्या चालवतो, त्यामुळे हात रस्त्याच्या बाजूला वळतो आणि सामान फुटपाथकडून चढवता येतं.

चासीवरच्या हाताविरुद्ध खरा वजनदार आक्षेप वजनाचाच आहे. बंपरसकट असा सांगाडा 40 किलो भरला आणि चाक 45, तर 85 किलो मागच्या धुरेच्या साधारण मीटरभर मागे लटकतात. थारच्या 2,450 मिलिमीटर व्हीलबेसवर यामुळे पुढच्या धुरेवरून जवळपास 35 किलो उचलले जातात. मूळ चाकाने हाच आकडा अकराच्या आसपास होता. चढावर पुढची चाकं हलकी होणं कुणालाच परवडत नाही, मागच्या स्प्रिंगाही बसतात. हा तोटा मान्य करून मगच निर्णय घ्यावा. वर्षातले बहुतेक दिवस आउटर रिंग रोडवर काढणाऱ्याला कॅरिअरपेक्षा टायरच एक माप लहान घेणं सोयीचं, असं मी स्पष्ट म्हणेन. छतावर चाक ठेवण्याचा पर्याय मात्र मला पटत नाही. आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, आणि निसरड्या जागी डोक्याच्याही वरून एवढं वजन उतरवायचं असतं. बिडदीला बनणाऱ्या फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत स्टेपनी पोटाखाली असते. तिथे मोठा टायर बहुधा मावतच नाही, आणि मावला तरी खडकाला तोच आधी लागतो.

काहीजण स्टेपनीच नको म्हणतात. जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी सवलत आली खरी: साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनात ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. पण तो संच खिळ्याच्या भोकासाठी आहे. आडरानात टायर जातो तो बहुधा बाजूच्या भिंतीला खडकाने चीर पडून, आणि तिथे प्लग टिकत नाही. लहान स्टेपनीवर भागवणंही असंच फसवं. मागच्या धुरेवर वेगळ्या व्यासाची दोन चाकं आली की डिफरन्शिअलला सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहावं लागतं, आणि फोर बाय फोर लावलं तर ट्रान्सफर केसमध्ये ताण अडकतो.

कायद्याची बाजूही या प्रश्नापासून सुटी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल रोखतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. कंपनीने मान्य केलेल्या मापाबाहेरचा टायर हाच मुळात वादाचा मुद्दा आहे, हे कॅरिअरवर पैसे घालण्याआधी लक्षात घ्यावं. शिवाय मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. जिमनीचे दिवे बंपरमध्येच असल्यामुळे तिथे विशेष काळजी हवी. नंबरप्लेट रात्री 15 मीटरवरून वाचता आली पाहिजे, आणि हाय सिक्युरिटी प्लेटचं कुलूप एकदाच बसतं, त्यामुळे ती स्वतः काढून हातावर हलवता येत नाही. म्हणून चासी न कापता, कंपनीच्याच भोकांत बोल्टने बसणारा आणि काढला की गाडी पूर्ववत होईल असा सांगाडा घ्यावा. बसवल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत. नवा रंग दाबला गेला की ते हमखास थोडे सैल होतात.

इतकं करून पाचवं चाक हाताशी आलं, तरी कंपनीने दिलेला जॅक उंच केलेली गाडी पुरेशी उचलीलच असं नाही. पुढचा लेखांक जॅकवर.