अंबेचा पूर आणि पालीच्या हातातले तास

पावसाळा लागला की अलिबागच्या जिल्हा नियंत्रण कक्षातून रायगडमधल्या नद्यांच्या पातळ्यांची यादी निघू लागते. सावित्री महाडला, कुंडलिका डोलवहालला, पाताळगंगा लोहोपला, उल्हास कर्जतला, गाढी पनवेलला आणि अंबा नागोठण्याला. अंबेपुढे इशारा पातळी ८ मीटर आणि धोका पातळी ९ मीटर, असे दोन आकडे असतात. नागोठण्याच्या बाजारपेठेला आणि कोळीवाड्याला त्यांचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. आठ ओलांडलं की दुकानातला माल वरच्या फळीवर चढतो. पण पाली नागोठण्याच्या वरच्या अंगाला आहे आणि जांभूळपाडा पालीच्याही वर. नागोठण्याची पाणीपातळी मोजणारी पट्टी ९ मीटर दाखवते, तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी पालीवरून होऊन गेलेलं असतं. म्हणून पालीच्या पूरसंरक्षणाचा विचार नदीकाठच्या भिंतीपासून सुरू करण्याआधी या पट्टीपासून सुरू करायला हवा.

अंबा ही कोकणातल्या बहुतेक नद्यांसारखी आखूड नदी आहे. खंडाळ्याच्या बाजूच्या सह्याद्रीत उगम पावून ती जांभूळपाडा, पाली, नागोठणे करत धरमतरच्या खाडीला मिळते. हा सगळा प्रवास शंभर किलोमीटरचाही नाही. त्यातला सुरुवातीचा उतार कड्यावरून पडल्यासारखा, मधला भाग भातखाचरांतून जाणारा आणि शेवटचा टप्पा भरती-ओहोटीच्या तालावर चालणारा. कृष्णेच्या पुराची बातमी कराडहून सांगलीला पोहोचायला जो अवधी मिळतो, तसा अवधी इथे नाही. पुराची लाट सेकंदाला अडीच-तीन मीटर, म्हणजे ताशी साधारण दहा किलोमीटर वेगाने उतरते असं मानलं आणि घाटपायथ्यापासून पालीपर्यंतचं अंतर तीसेक किलोमीटर धरलं, तर हाताशी तीन-चार तास उरतात. जांभूळपाड्याच्या वाट्याला त्याहून कमी येतात.

पालीच्या सुधागड तालुक्यात हे गणित कागदावरचं नाही. २३-२४ जुलै १९८९ ला घाटावर आणि घाटाखाली विलक्षण पाऊस झाला. डोंगराच्या पलीकडे लोणावळ्याजवळच्या भाजे गावावर दरड कोसळली आणि अलीकडे अंबेने जांभूळपाडा धुऊन नेलं. घरं गेली, गुरं गेली, माणसं गेली. एकाच पावसाने घाटमाथ्याच्या दोन्ही अंगांना हा अनर्थ केला. अंबेच्या पुराची सूचना नदीत दिसण्याच्या आधी घाटावरच्या पर्जन्यमापकात दिसते, हे त्यातून स्पष्ट होतं.

हे पाणी किती असतं? एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर पाणी होतं. हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात तेवढा पाऊस एखाद-दुसऱ्या वर्षी तरी होतोच. नुसत्या १०० चौरस किलोमीटर डोंगरउतारावर २०० मिलिमीटर पडला, तरी २ कोटी घनमीटर पाणी जमतं. जुलैच्या मध्यापर्यंत माती पाण्याने तुडुंब झालेली असते, खाली काळा कातळ, त्यामुळे जिरण्यासारखं फार काही उरत नाही. ते पाणी १२ तासांत उतरलं, तर सेकंदाला सुमारे ४६० घनमीटरचा प्रवाह होतो आणि सहा तासांत उतरलं तर दुप्पट. पाऊस तोच राहून फक्त उतरण्याचा वेळ निम्मा झाला की पुराचा माथा दुपटीने वाढतो. वरच्या डोंगरांवरचं रान टिकवणं हे पूरसंरक्षणाचंच काम आहे, ते यासाठी. महापुराच्या पावसात झाडी सगळं पाणी अडवू शकत नाही, हे खरं. पण ती उताराची माती धरून ठेवते आणि पाण्याला थोडा उशीर करते. अंबेसारख्या नदीत अर्ध्या तासाच्या उशिरालाही किंमत आहे.

आता पुलांकडे येऊ. वाकण-पाली-खोपोली रस्त्यावरचा पालीजवळचा जुना पूल जोराच्या पावसात पाण्याखाली जाई आणि रस्ता बंद पडे. पालीच्या बल्लाळेश्वर गणपतीला निघालेले भाविक अलीकडे अडकत आणि पालीत कामाला आलेली माणसं पलीकडे. अशा ठेंगण्या पुलाचा त्रास वाहतुकीपुरता नसतो. पाणी गाळ्यांच्या वर चढलं की पूल नदीत आडवा टाकलेल्या बांधासारखा वागू लागतो. वरून वाहून आलेली झाडं, बांबू, पेंढा गाळ्यांत अडकतो, वाट आणखी अरुंद होते आणि पुलाच्या मागे पाण्याचा फुगवटा वर सरकत जातो. पूल काही मीटरने उंच आणि गाळे रुंद केले, तर रस्ता वाचतोच, शिवाय वरच्या वस्तीत शिरणारं पाणीही कमी होतं. या रस्त्याच्या रुंदीकरणात उंच पुलांचं काम हाती घेतलं गेलं, ही माझ्या दृष्टीने पालीच्या पूरसंरक्षणातली खरी प्रगती आहे. मात्र नव्या पुलाला जोडणारा रस्ता दोन्ही बाजूंना मातीच्या भरावावर येत असेल, तर त्या भरावात पुरेशा मोऱ्या आहेत का, हे पाहावं लागतं. काठावरच्या शेतांतून वाहणारं पुराचं पाणीही नदीचंच असतं. महाडकर दासगावच्या खाडीतल्या कोकण रेल्वेच्या भरावाबद्दल कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत.

महाड आणि चिपळूण ही दोन गावं २२ जुलै २०२१ ला बुडाली आणि त्यानंतर कोकणात पूरसंरक्षण हा शब्द बहुतेक ठिकाणी गाळ काढणं या अर्थाने वापरला जाऊ लागला. चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं, वाशिष्ठी नदीत यंत्रं उतरली, नाम फाउंडेशन ही संस्थाही त्या कामात आली. सावित्रीतली गाळाची बेटं काढायचं काम झालं. यामागचं शास्त्र भक्कम आहे. रुंद पात्रात वाहून नेता येणारं पाणी खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतं: खोलीचा ५/३ वा घात घ्यावा लागतो. चार मीटर खोलीचं पात्र पाच मीटर झालं, तर खोली पाव पटीने वाढते, पण वहनक्षमता जवळजवळ ४५ टक्के. मात्र हा हिशेब पाण्याला उतार मिळतो तिथलाच. खाडीच्या टप्प्यात पाण्याची पातळी समुद्र ठरवतो. तिथे तळ कितीही खोल केला, तरी उधाणाच्या भरतीत समुद्राचंच पाणी तो खड्डा भरून ठेवतं. शिवाय डोंगर झिजत राहतो, तोवर गाळ येत राहतो. एकदा काढला म्हणजे काम झालं, असं या नद्यांत होत नाही. त्यामुळे गाळ काढण्याच्या खर्चाबरोबर दरवर्षी पात्राचे आडवे छेद मोजण्याचा खर्चही धरायला हवा. किती ट्रक गाळ उचलला, यापेक्षा पुढच्या उन्हाळ्यात त्यातला किती परत बसला, हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

अंबेच्या खालच्या टोकाला तर हा भरतीचा प्रश्न रोजचा आहे. नागोठण्यापर्यंत पूर्वी भरतीवर होड्या येत. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र वर चढलेला असताना घाटावरचं पाणी खाली आलं, तर त्याला जायला जागा उरत नाही आणि ते गावात पसरतं. दोन-तीन तासांत ओहोटी लागली की तेच पाणी झपाट्याने उतरतं. म्हणजे इथे पुराचा अंदाज करताना पावसाइतकंच पंचांग पाहावं लागतं.

पूरसंरक्षणाची या भागातली सर्वांत जुनी विद्याही याच खाडीकाठची आहे. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खारबांध घातले. बांधात ठरावीक अंतरावर उघाड्या ठेवल्या. भरती आली की तिचं पाणीच उघाडीची झडप दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. याला वीज लागत नाही की पहारेकरी. बांधाची डागडुजी गावकरी जोळ पद्धतीने मिळून करत. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर आणि पुढे १९७९ च्या कायद्यानंतर ही जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरल्याच्या तक्रारी तिथे आजही ऐकू येतात. बांध बांधण्याइतकंच तो दरवर्षी कोण पाहणार, हे ठरवणं महत्त्वाचं आहे, आणि पालीत उद्या नदीकाठी भिंत उभी राहिली तर तिलाही हे लागू होईल. भिंतीला उघाड्या ठेवल्या नाहीत, तर सरसगडाच्या उतारावरून गावात येणारं पाणी नदीला मिळण्याऐवजी भिंतीच्या आत तुंबेल. पाली वसलीच आहे गड आणि नदीच्या मध्ये. इथे पाणी दोन्हीकडून येतं.

आखूड, तीव्र उताराच्या नद्या जपानलाही आहेत. सोळाव्या शतकात ताकेदा शिंगेन या सरदाराच्या कोफू खोऱ्यात नदीचे बांध सलग न घालता तुटक, एकमेकांच्या मागे तिरके सरकवलेले घालत, अशी परंपरा सांगतात. त्यांना कासुमितेई म्हणतात. पूर चढला की बांधांमधल्या फटीतून पाणी उलटं, संथपणे शेतात शिरतं आणि पुराचा जोर ओसरला की त्याच वाटेने नदीत परततं. शेत काही तास बुडतं, गाव वाचतं. पालीच्या आसपास नदीकाठी अजून भातखाचरं आहेत. पुराच्या काही तासांसाठी ती नदीला द्यायची आणि त्या शेतकऱ्यांना त्याची ठरलेली भरपाई द्यायची, हा मार्ग उंच भिंतीपेक्षा स्वस्त पडेल असं मला वाटतं. भातखाचरांच्या जागी भराव घालून प्लॉट पडले, की तो कायमचा बंद होईल.

इथेच पूररेषांचा प्रश्न येतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चिपळूणला या रेषांवरून मोठा वाद झाला, कारण रेषेच्या आत अख्खी बाजारपेठ आली आणि लोकांची बांधकामं अडली. ती अडचण खरी आहे. पण शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ पुढची शंभर वर्षं निर्धास्त, असा अनेकांचा समज असतो, आणि तो घातक आहे. त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं फेडायचं गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटायच्या आत एकदा तरी घरात पाणी येण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेवर ती ७० टक्क्यांच्या वर जाते. घर घेणाऱ्याच्या हातात सातबाऱ्यासोबत हा आकडाही द्यायला काय हरकत आहे?

आता सुरुवातीच्या त्या पट्टीचा प्रश्न उरतो. मुंबईत कुलाबा आणि वेरावलीला हवामान खात्याची रडार आहेत, महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. वर घाटात पाऊस किती पडतोय, हे तासातासाला कळू शकतं. जांभूळपाड्याच्या वर नदीवर पातळी सांगणारं एक स्वयंचलित यंत्र आणि त्याला जोडलेला पालीतला भोंगा, एवढी व्यवस्था भिंतीच्या खर्चापुढे नगण्य आहे. ती बसवताना यंत्राची पातळी आणि गावातली पातळी यांचा मेळ घालावा लागेल आणि त्यासाठी जुन्या पुरांच्या खुणा लागतील. १९८९ मध्ये पाणी कोणत्या ओट्याला, कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं, हे दाखवणारी माणसं अजून तालुक्यात आहेत. येत्या उन्हाळ्यात शाळेच्या मुलांना बरोबर घेऊन त्या खुणा रंगाने आखल्या आणि समुद्रसपाटीपासूनची त्यांची उंची मोजून घेतली, तर अभियंत्याला पुलाची, भिंतीची आणि भोंग्याची उंची ठरवायला त्याच उपयोगी पडतील.