मनोरा डोंगराआड, उपग्रह मात्र समोर

बुलडाणा जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेने आडवा कापलेला आहे. वर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यातले. पूर्णा ओलांडून उत्तरेला गेलं की जळगाव जामोद आणि संग्रामपूर, आणि त्यांच्या पाठीशी सातपुडा. एसटी राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढायला लागली की हातातल्या मोबाइलच्या दांड्या एकेक करून गळतात, हे इथल्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही वस्त्यांमध्ये तर त्या दांड्या मुळात येतच नाहीत. अशा ठिकाणी टीव्हीचं काय, तेही दरमहा पैसे न भरता, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचं उत्तर भूमितीत आहे, आणि ते या डोंगराळ गावांच्या बाजूने आहे.

दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण जमिनीवरच्या मनोऱ्यावरून होत असे. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मनोरा १०० मीटर उंच आणि घरावरची अँटेना १० मीटरवर धरली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे सपाट मुलखातही त्यांची गाठ साधारण ५४ किलोमीटरपर्यंतच पडते. मध्ये डोंगर आला की तेवढीही नाही. म्हणून तर धाब्याच्या घरांवर बांबूला बांधलेल्या त्या उंच अँटेना दिसायच्या. एक जण वर अँटेना फिरवतोय, दुसरा दारातून ‘आलं, आलं… गेलं!’ म्हणून ओरडतोय, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. लहान क्षमतेची पुनःप्रक्षेपण केंद्रं आसपासच्या गावांना पुरत, पण डोंगराच्या सावलीतल्या गावाला त्यांचाही उपयोग बेताचाच. प्रसार भारतीने ही जुनी अ‍ॅनालॉग केंद्रं २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केली. सामरिकदृष्ट्या महत्त्वाची ५० च्या आसपास तेवढी ठेवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद होती. बुलडाण्याच्या खेड्यांना त्याचा लाभ मिळण्यासारखा नव्हता. अंतर आड येतं, आणि अजिंठ्याची रांगही.

मग उरतो तो वरचा मार्ग. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. त्या वेळी ३३ वाहिन्या होत्या. आज ती ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते आणि वाहिन्यांचा आकडा शंभराच्या पुढे गेला आहे. दिल्लीतल्या तोडापूर केंद्रातून कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवले जातात. हा उपग्रह म्हणजे इस्रोचा जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातून एरियान-५ रॉकेटने सोडलेला. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो राहतो. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला तो एका जागी खिळल्यासारखा असतो.

बुलडाणा शहराचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला, तर उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजत गेल्यास १३८ अंशांवर येतो, आणि क्षितिजापासून तब्बल ५९ अंश वर. हा ५९ चा आकडा मला फार मोलाचा वाटतो. लोणारचं विवर घ्या. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी कमळजा देवीच्या देवळापाशी उभं राहिलं की चारी बाजूंनी कडा वेढून असतो, जमिनीवरचा दूरचा कुठलाही मनोरा दिसणं शक्य नाही. पण विवराच्या मध्यावरून ती कड क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येते, आणि आतल्या उताराच्या पायथ्याशी गेलं तरी ३० अंशांच्या आसपास. उपग्रह त्याच्याही कितीतरी वर. म्हणजे उल्कापाताने पाडलेल्या खड्ड्याच्या तळाशीसुद्धा ही वाट मोकळीच आहे. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाला किंवा ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या वस्तीला डोंगर काय अडवणार? मुंबईच्या गच्चीवर जो संदेश उतरतो, तोच आणि त्याच ताकदीचा संदेश संग्रामपूर तालुक्यातल्या शेवटच्या पाड्यावरही उतरतो. दुर्गमपणा रस्त्यांना आणि मोबाइलच्या मनोऱ्यांना भोवतो, उपग्रहाला नाही. मोबाइलला रेंज नाही म्हणजे टीव्हीही येणार नाही, ही समजूत म्हणूनच सोडून द्यायला हवी.

तरीही छत्री लावून ‘नो सिग्नल’ची पाटी बघत बसलेली घरं आहेत. अडचण जवळजवळ नेहमी शेवटच्या काही फुटांत असते: छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला संदेश पकडणारा डबा), वायर आणि अंगणातलं झाड.

उपग्रहाकडून येणारी शक्ती किती, ते आधी बघू. ६० सेंटिमीटरच्या छत्रीवर उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरकडून, म्हणजे प्रक्षेपकाकडून, पडणाऱ्या शक्तीचा अंदाज काढला, तर एका वॅटचे एक लाख कोटी भाग करून त्यातले एक-दोन भाग, इतकीच ती निघते. ३६,६०० किलोमीटरचा प्रवास करून आलेली ही चिमूटभर ऊर्जा छत्री गोळा करते आणि समोरच्या एलएनबीच्या तोंडाशी एकवटते. इथे लहरीची लांबी कामी येते. १९७५-७६ साली देशातल्या सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला (महाराष्ट्र त्यात नव्हता). तेव्हा एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या लहरी सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीच्या होत्या आणि त्या पकडायला गावात तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री उभारावी लागे. फ्री डिशच्या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. म्हणूनच आज टिनाच्या छतावर मावणारी छत्री पुरते.

एवढ्या उच्च वारंवारितेचा संदेश साध्या वायरमधून खाली आणायला गेलो तर तो वाटेतच संपेल. म्हणून एलएनबी आधी त्याला वाढवतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो, मग तो वायरीने टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत येतो. एलएनबीला लागणारी वीजही त्याच वायरीतून वर जाते: १३ व्होल्ट दिले की तो उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला, तर ही वीज वर पोचत नाही आणि सगळं ठप्प. जोडाशी पाणी शिरून तार हिरवी पडणं हा दुसरा नेहमीचा रोग. वायर तीस मीटरच्या आत, मध्ये सांधा नाही आणि बाहेरचा जोड टेपने नीट गुंडाळलेला, एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील, असं माझं मत आहे.

आता नेम. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची. दोन अंश चुकले की हातात काही लागत नाही. शिवाय ९५ अंशांवर, म्हणजे फक्त दीड अंश पलीकडे, खासगी डीटीएच सेवेचे उपग्रह आहेत. त्यामुळे बॉक्सवर ‘सिग्नल स्ट्रेंथ’ची पट्टी भरलेली दिसते आणि चित्र मात्र येत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. ‘स्ट्रेंथ’ फक्त एवढंच सांगते की वायरीतून काहीतरी येतंय. शेजारच्या उपग्रहाचा संदेश किंवा नुसता गोंगाटसुद्धा ती पट्टी भरू शकतो. नजर ठेवायची ती ‘क्वालिटी’वर. छत्री केसभर हलवायची, थांबायचं, आकडा बघायचा, पुन्हा हलवायची. बॉक्सला संदेश ओळखायला दोन-चार सेकंद लागतात, तेवढा धीर धरला नाही तर बरोबर जागा हातून निसटते. शेवटी एलएनबी त्याला धरणाऱ्या पकडीत थोडा फिरवून बघायचा. उपग्रह सरळ दक्षिणेला नाही, पूर्वेकडे बराच कललेला आहे, त्यामुळे त्याची उभी लहर आपल्यापर्यंत तिरपी होऊन पोचते. एलएनबी त्या तिरपेपणाशी जुळला की क्वालिटीचा आकडा आणखी चढतो.

छत्रीकडे बघून तिची नजर किती वर आहे ते कळत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. या छत्र्यांचा एलएनबी मध्यावर नसतो, खालच्या बाजूला असतो, म्हणून छत्रीचा चेहरा आकाशाच्या मानाने बराच उभा वाटतो आणि नजर मात्र त्याहून वीस-पंचवीस अंश वर असते. समोरचं झाड छत्रीच्या तोंडावर येतंय की नाही, हे डोळ्यांनी ठरवताना त्यामुळेच चूक होते.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे, आणि तो सूर्याकडे आहे. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बुलडाण्यातून पाहताना सूर्य काही दिवस रोज सकाळी अकराच्या सुमारास नेमका या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. तेव्हा सूर्याच्या रेडिओ गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो आणि काही मिनिटं चित्र तुटतं. बॉक्स बिघडलेला नसतो, वाट पाहिली की सगळं पूर्ववत होतं. पण त्याच दिवसांत, त्याच वेळी, जिथे छत्री लावायची तिथे उभं राहावं. अंगावर ऊन पडलं तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. कडुनिंबाची सावली पडली तर जागा बदलावी. फेब्रुवारीत पानगळ झालेल्या निंबाखालून छान चालणारी छत्री आषाढात ओल्या पानांमुळे का रुसते, त्याचंही कारण हेच. पाणी या लहरींना गिळतं.

पावसाचंही तसंच. जोराच्या सरीतले टपोरे थेंब काही मिलिमीटरचे असतात, पावणेतीन सेंटिमीटरच्या लहरीला अडवायला आणि विखरायला ते पुरेसे ठरतात. छोट्या छत्रीची सोय मिळाली ती या किमतीवर. जुन्या प्रक्षेपणात चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जायचं, डिजिटलमध्ये ते शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम चौकोन होऊन गोठतं. गिरणीच्या आवाजात माणूस आकडा दोनदा सांगतो, तसे संदेशात दुरुस्तीसाठी जास्तीचे अंक पेरलेले असतात. बॉक्स त्यांच्या आधारे चुका भरून काढतो. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्रच हातून जातं. म्हणून कोरड्या दिवशी ‘चाललंय ना’ म्हणून छत्री सोडून देऊ नये. क्वालिटी शिखरावर नेऊन बोल्ट आवळले, तर मधल्या पावसातही चित्र टिकतं. छत्री थोडी मोठी, ७५ किंवा ९० सेंटिमीटरची घेतली, तर अजून बरं. मे-जूनच्या वावटळीनंतर खांब हलला आहे का ते मृगाआधी एकदा तपासून घ्यावं.

हे सगळं इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण आहे. जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन नाही, नेट नाही, त्या घरातल्या मुलांपर्यंत पोचू शकणारी ती शाळा होती, अट एवढीच की घरावर सुरू असलेली छत्री हवी. उद्योगक्षेत्राच्या अंदाजानुसार देशातली फ्री डिशची घरं साडेचार कोटींच्या आसपास आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या ‘बिंद’ योजनेत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याचं ठरलं. शेजारचा वाशिम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, बुलडाणा नाही. पण जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या आदिवासी पाड्यांची गरज जिल्ह्याच्या सरासरीने मोजता येत नाही, आणि योजनेत आदिवासी भागांचा वेगळा उल्लेख आहे. ग्रामपंचायतींनी तो धरून मागणी करायला हवी. बॉक्ससोबत छत्री लावणारा जाणकारही हवा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये होकायंत्र, कोनमापक आणि एक टीव्ही घेऊन हे काम एका दिवसात शिकवता येण्यासारखं आहे.

एकदा छत्री नीट बसली की महिन्याला रुपया लागत नाही, कारण खासगी वाहिन्याच लिलावात जागेचे पैसे मोजतात. हा लिलाव होत राहतो तशा वाहिन्या बदलतात, म्हणून आवडीची वाहिनी दिसेनाशी झाली तर आधी बॉक्सच्या मेन्यूत जाऊन पुन्हा ‘ऑटो स्कॅन’ करावं, छत्रीला हात लावू नये. नवा टीव्ही घेणार असाल तर दुकानदाराला एवढं विचारा, आत उपग्रहाचा ट्यूनर आहे का. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये त्यासाठीचं मानक काढलं आहे. असा टीव्ही असेल तर वेगळा बॉक्स लागणार नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीच्या मागे लागेल.