डबल सस्पेन्शनची सायकल : आराम किती, दमछाक किती?

खड्डे आणि उंचसखल पेव्हर ब्लॉक यांनी त्रासलेल्या मुंबईकराला दोन्ही चाकांना स्प्रिंग असलेल्या सायकलीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. ही ‘माउंटन बाइक’ मूळची डोंगरवाटांची. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात हौशी तरुणांनी ती घडवली. १९९० च्या दशकात तिच्यात सस्पेन्शन रुळले आणि पुढे त्याच्या स्वस्त आवृत्त्याही बाजारात आल्या.

पहिल्या फेरीत अशी सायकल सुखावते. लालबाग-परळच्या गल्लीबोळांतून जाताना पाठीला बसणारे दणके सौम्य होतात. मात्र, गिरगाव चौपाटी मागे टाकून मलबार हिलचा चढ लागला की चित्र पालटते. प्रत्येक पेडलबरोबर सीट खालीवर डुलू लागते आणि पायांचा काही जोर चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो. महागड्या सायकलींत स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा असते, कित्येकींत चढावर सस्पेन्शन रोखणारी कळही असते. स्वस्त सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती दाबली की तितक्याच जोराने उसळते.

दुसरा प्रश्न वजनाचा. पोलादी सांगाड्याची अशी सायकल १८ किलोच्या आसपास भरू शकते. चाळीच्या लाकडी जिन्याने ती रोज तिसऱ्या मजल्यावर नेणे सोपे नाही. खाली ठेवावी, तर पावसाळा आणि खारी हवा मागच्या सांध्यांना गंजवते. सांधे सैल झाले की मागचे चाक डगमगते. डबेवाल्यांच्या साध्या काळ्या सायकलीला सस्पेन्शन नसते. मोठी चाके आणि स्प्रिंगची सीट यांवर तिचे भागते.

मग घ्यावे काय? दुकानात सीट जोराने दाबून सोडावी. ती एकदाच वर येऊन थांबली तर ठीक. डुलत राहिली तर उसळीवर ताबा नाही, असे समजावे. त्याच किमतीत केवळ पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घेतल्यास ब्रेक आणि गिअर अधिक चांगले मिळण्याची शक्यता असते. रुंद टायरमध्ये त्यावर छापलेल्या मर्यादेत थोडी कमी हवा ठेवली, तरी बरेच धक्के शोषले जातात.

मागच्या सस्पेन्शनचा खरा कस सह्याद्रीतील दगडगोट्यांच्या उतारांवर लागतो. दादरहून परळला रोज ये-जा करणाऱ्याने दुसऱ्या स्प्रिंगचे पैसे चांगल्या ब्रेकवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.