पोटही भरते, मनही भरते!

माकणी म्हटले की निम्न तेरणा धरण आठवते. पण धरणाशेजारच्या गावांतूनही शिकलेली पोरं पुण्याची गाडी धरतात आणि शिकलेल्या सुना घरात बसतात. गावात राहून पोट आणि मन दोन्ही भरेल असे काम मिळत नाही, हा समज पक्का झाला आहे. आपल्याच जिल्ह्यातील बायांनी तो खोटा पाडला.

भूकंपातून उभे राहिलेले काम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर जमीनदोस्त झाला. घरे पुन्हा बांधताना गावकरी आणि शासन यांच्यात दुवा म्हणून गावच्याच बायांना 'संवाद सहायक' नेमले गेले. उंबरठा न ओलांडलेल्या बाया बांधकाम समजून घेऊ लागल्या, साहेबांना प्रश्न विचारू लागल्या. या कामातूनच प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. पुनर्वसन संपले, पण बाया चुलीपुढे परतल्या नाहीत. बचत गट, कमी धुराच्या चुली, सौर दिवे, शेती असे काम वाढत गेले. प्रेमाताईंचे २०२२ मध्ये निधन झाले.

हा धर्मादाय नव्हे, आणि नुसता नफ्याचा धंदाही नव्हे. सखी सौर दिवा विकते, त्यावर तिला चार पैसे सुटतात. गावाला उजेड मिळतो आणि दिवा बिघडला तर विचारायला हक्काचे माणूस दारात असते.

हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली. पुढे कोंबड्या, शेळ्या केल्या, सौर दिवे विकले आणि इतर बायांनाही धंद्याला लावले. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

एक एकर बाईच्या हाती

दुष्काळात सगळे रान नगदी पिकाखाली असले की घरात खायला दाणा नसतो. म्हणून घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा बाईकडे द्यायचा. त्यात ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला घ्यायचा, गांडूळ खत आणि घरचीच औषधे वापरायची. एक पीक गेले तरी दुसरे हाताला लागते, आणि विकतच्या खत-औषधाचा खर्च वाचतो. हे शिकवणाऱ्याही गावच्याच बाया. संस्थेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

खरी अडचण

शिबिरात बाई बोलायला उभी राहिली की माणसे टाळ्या वाजवतात. मानधनाचा विषय निघाला की म्हणतात, "समाजसेवाच की, पैसे कशाला?" पण फुकटचे काम किती दिवस टिकणार? कामाचे समाधान खरे, तरी एसटीचे तिकीट समाधानावर निघत नाही. दुसरे असे की, तो एकर पिकवते ती, सातबारा दुसऱ्याच्या नावावर. घरधन्याचे मन फिरले की रान परत गेले!

गावाने काय करावे?

१) मार्गदर्शन करणाऱ्या सखीला ठरलेले मानधन वेळेवर द्यावे.
२) लक्ष्मी मुक्ती योजनेत पती हयात असतानाच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावता येते. त्यासाठी अर्ज करावा.
३) उमेद अभियानात कृषी सखी, पशु सखी ही कामे आहेत. इच्छुक सुना-मुलींनी पंचायत समितीत चौकशी करावी, ग्रामसेवकांनी ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखवावी.

गावच्या हुशार पोरीला गावात काम हवे असेल, तर गावाने त्या कामाचा मान आणि दाम दोन्ही द्यायला हवेत.