वाळलेल्या बॅटरीतील आग

पाण्याने आग विझते, हा माणसाचा फार जुना अनुभव. त्यामुळे पुरात बुडालेली किंवा पावसात चिंब भिजलेली वस्तू पुढे कधी पेट घेईल, अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती गंजेल, बिघडेल, बंद पडेल. पण जळेल कशी, असेच वाटते. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत मात्र ही समजूत खरी ठरत नाही. पाणी शिरलेली बॅटरी पाण्यात असताना शांत राहते, बाहेर काढल्यावर शांत राहते, कोरडी दिसू लागल्यावरही शांत राहते. आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पेटते.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याला ह्याचा प्रत्यय २०२२ साली आला. त्या वर्षीच्या २८ सप्टेंबरला 'इयन' नावाचे चक्रीवादळ राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळले आणि समुद्राचे पाणी वस्त्यांत शिरले. पाणी ओसरल्यानंतर त्यात बुडालेल्या काही विद्युत् मोटारी पेटू लागल्या. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या अग्निशमन प्रमुखांना केंद्र सरकारच्या रस्तेसुरक्षा खात्याकडे ह्याविषयी लेखी विचारणा करावी लागली. त्याही आधी, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर 'सँडी' वादळात नेवार्क बंदरात उभ्या असलेल्या एकाच बनावटीच्या १६ मोटारी जळून गेल्या होत्या. तेथे आगीचे मूळ मोठ्या बॅटरीत नसून खाऱ्या पाण्याने गंजलेल्या एका लहानशा नियंत्रक मंडलात होते, असे त्या मोटारींच्या निर्मात्यांनी सांगितले. जेथे वीज साठलेली आहे आणि जेथे मिठाने तिला आडवाट करून दिली आहे, तेथे धोका आहे, एवढा बोध ह्या दोन्ही प्रसंगांतून निघतो.

मोटार निदान घराबाहेर उभी असते. परंतु अलीकडे अशी काही वाहने निघाली आहेत की, त्यांचा मालक ती हाताने उचलून थेट दिवाणखान्यात आणतो. विद्युत् एकचाकी हे त्यांपैकी एक. शेन चेन ह्या अमेरिकेतील संशोधकाने २०११ च्या सुमारास 'सोलोव्हील' ह्या नावाने ती बाजारात आणली. पुढे चिनी कारखान्यांनी तिचे अनेक मोठे व वेगवान प्रकार काढले. तिला बैठक नाही आणि हँडलही नाही. एकच चाक, त्याच्या दोन्ही अंगांना पाय ठेवण्याच्या दोन पट्ट्या, आणि तोल सांभाळणारे विद्युत् यंत्र, एवढाच तिचा संसार. स्वार पुढे झुकला की चाक धावते, मागे रेलला की थांबते.

ह्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांत बॅटरी बसविलेली असते. मध्यम ते मोठ्या आकाराच्या एका एकचाकीचे उदाहरण घेतले, तर तीत सुमारे १२० सेल असतात. सहा-सहा सेल समांतर जोडून केलेले असे २० गट एकापुढे एक जोडले जातात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक गटाचा दाब ४.२ व्होल्ट, म्हणून २० गटांचा मिळून ८४ व्होल्ट. प्रत्येक सेलमध्ये सुमारे १८ वॅट-तास ऊर्जा धरली, तर एकूण साठा २,१६० वॅट-तासांचा होतो. सुमारे दीडशे मोबाइल फोनांच्या बॅटऱ्या एका डब्यात भरल्या, तर एवढाच साठा होईल. २० अंश तापमानाचे २३ लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास ही ऊर्जा पुरेशी आहे. पेट्या चाकाला लागून असल्यामुळे रस्त्यावरच्या डबक्यातील पाणी प्रथम उडते ते त्यांच्यावरच.

पेटी बंद असताना पाणी आत जाते कसे? वाटा अनेक आहेत. तारा आत नेणारी छिद्रे, चार्जिंगचे तोंड, स्क्रूंच्या खाचा, पडल्याझडल्यामुळे गेलेली एखादी बारीक चीर, जुने होऊन कडक पडलेले रबर. शिवाय बॅटरी चालून तापलेली असते. ती एकदम थंड पाण्यात गेली की आतली हवा आकुंचन पावते आणि फटीतून पाणी आत ओढले जाते. यंत्रावर छापलेली जलरोधाची खूण ह्या बाबतीत पुरेशी हमी देत नाही. उदाहरणार्थ, 'आयपीएक्स ७' ह्या खुणेचा अर्थ असा की, नवा नमुना एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवला असता अपायकारक प्रमाणात पाणी आत गेले नाही. ही परीक्षा साध्या पाण्यात होते, समुद्राच्या पाण्यात नव्हे. आणि ती नव्या यंत्राची असते, दोन पावसाळे खाल्लेल्या यंत्राची नव्हे.

आत शिरलेले पाणी काय करते, हे पाहताना एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. लिथियम धातूचा पाण्याशी संबंध आला की तो उसळतो, हे शाळेतील रसायनशास्त्र अनेकांच्या स्मरणात असते. आणि त्यावरून बॅटरीही पाणी लागताच भडकत असावी, असा तर्क केला जातो. परंतु सुस्थितीतील लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम मोकळ्या धातुरूपात नसते, आणि सेल स्वतः पोलादी डबीत बंद असतो. धोक्याचा उगम आहे तो डब्यांच्या बाहेर, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, तारा आणि नियंत्रक फलक यांच्यामध्ये.

शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे. पण रस्त्यावरचे पाणी शुद्ध नसते आणि समुद्राचे तर मुळीच नसते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते नळाच्या पाण्यापेक्षा शंभरपट किंवा त्याहूनही अधिक सुलभतेने वीज वाहून नेते. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात. तेथील चिखलपाणीही समुद्राच्याच जातीचे. पाण्याचे विद्युत्-विघटन होण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट दाब पुरतो, आणि येथे तर एकेका गटाचा दाब त्याच्या तिपटीहून अधिक आहे. परिणामी धन बाजूची धातू विरघळू लागते, ऋण बाजूस हायड्रोजन वायू सुटतो, आणि विरघळलेले तांबे-निकेल भलत्याच ठिकाणी जाऊन साचते. नियंत्रक फलकावर दोन बिंदूंमध्ये केसाइतकी बारीक धातूची रेघ वाढत जाते. यंत्र बंद ठेवले म्हणून हे थांबत नाही. कारण यंत्राची कळ बंद असली तरी सेलमधील दाब कायमच असतो.

विलंबाचे रहस्यही येथेच आहे. पाणी भरपूर असते तोवर गळणारा प्रवाह विखुरलेला असतो आणि उत्पन्न होणारी उष्णता पाणीच शोषून घेते. पाणी आटू लागले की मीठ आणि गंज यांचा थर मागे राहतो. तो दमट हवेतून ओलावा ओढून घेतो, आणि विखुरलेला प्रवाह आता एका चिंचोळ्या वाटेने वाहू लागतो. ती वाट तापते, भोवतालचे प्लॅस्टिक करपते, करपलेला कोळसा वीज अधिकच वाहून नेतो. सेलच्या जुडग्यांवर प्लॅस्टिकचे घट्ट वेष्टन असते. त्याच्या आत अडकलेला ओलावा बाहेरून दिसतही नाही. म्हणजे ज्या दिवशी मालक 'आता वाळली' म्हणून निश्चिंत होतो, त्याच दिवसापासून खरी काळजी सुरू होते.

ह्यात भर घालते ते चार्जिंग. ओलाव्यामुळे गळती सर्व गटांतून सारखी होत नाही. एखादा गट हळूहळू पार रिकामा होतो. साधा चार्जर मात्र केवळ एकूण ८४ व्होल्ट झाले की नाही, एवढेच पाहतो. २० पैकी एक गट निकामी झाला, तर तेच ८४ व्होल्ट उरलेल्या १९ गटांवर पडतात, आणि प्रत्येकावर ४.२ ऐवजी ४.४२ व्होल्टचा भार येतो. ही अतिभरणी सेलला घातक असते. प्रत्येक गटावर लक्ष ठेवणारा फलक बसविलेला असेल, तर तो हे रोखू शकतो. पण पाण्याने प्रथम बिघडतो तो बहुधा हाच फलक. पहारेकरीच आजारी पडावा आणि दाराला कडी नसावी, अशी ती अवस्था होते.

एक सेल प्रमाणाबाहेर तापला की पुढचा क्रम भराभर घडतो. १०० अंशांच्या आसपास आतील संरक्षक थर मोडतो आणि तो मोडताना आणखी उष्णता देतो. सुमारे १३० अंशांवर दोन पट्ट्यांमधला प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळू लागतो. सुमारे २०० अंशांवर धन पट्टीतील ऑक्साइड प्राणवायू सोडू लागते. आतील द्रव तर मुळातच ज्वालाग्राही. इंधन, उष्णता आणि प्राणवायू अशी आगीची तिन्ही अंगे एकाच डबीत जमतात. म्हणून वरून घोंगडी टाकून ही आग गुदमरत नाही. एका सेलची आच शेजारच्याला लागते, आणि १२० सेलांची माळ फटाक्यांच्या लडीसारखी पेटत जाते. निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड यांसारखे विषारी वायू असतात.

घरात अशी आग किती महागात पडते, हे न्यूयॉर्क शहराच्या अनुभवावरून दिसते. २०२३ ह्या एका वर्षात तेथे लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे दगावली. ह्या साऱ्या पाण्यामुळे लागल्या असे नव्हे. सदोष बनावट, चुकीचा चार्जर, तकलादू दुरुस्ती अशी कारणे अनेक असतात. परंतु कारण कोणतेही असो, बंद खोलीतील माणसाला मिळणारा अवधी फारच थोडा असतो.

भारतात एकचाकी तुरळक असली, तरी विद्युत् स्कूटर आज गल्लोगल्ली आहे, आणि तिच्या पोटातील साठा वर वर्णिलेल्या एकचाकीइतका किंवा त्याहूनही मोठा असतो. देशात विद्युत् दुचाक्यांना आगी लागल्यानंतर सरकारने त्यांच्या बॅटऱ्यांचे नियम अधिक कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. तरीही पूर हा आपल्याकडे नवलाचा विषय नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूर, ऑगस्ट २०२४ मध्ये बडोदे, अशी गावे व शहरे पाण्याखाली गेलेली आहेत. तळमजल्यावरच्या वाहनतळात उभ्या असलेल्या स्कूटरला आणि परदेशातील एकचाकीला लागू होणारा निसर्गनियम एकच.

मग भिजलेल्या यंत्राचे काय करावे? ज्याची बॅटरी पाण्यात बुडाली किंवा जिच्यात पाणी शिरल्याचा संशय आहे, ते यंत्र चालू करू नये आणि मुळीच चार्ज करू नये. ते घरात, जिन्यात किंवा लिफ्टमध्ये आणू नये. उघड्यावर, इमारतीपासून आणि इतर वाहनांपासून दूर ठेवावे; बुडालेल्या मोटारींसाठी अमेरिकेत सुमारे १५ मीटरचे अंतर सांगितले जाते. उन्हात तापविणे, केस वाळविण्याच्या यंत्राने सुकविणे, तांदळात पुरणे हे उपाय निरुपयोगी आहेत, आणि तापविणे तर घातकही आहे. बॅटरी उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचेच. विशेषतः खारे पाणी लागलेली बॅटरी वाचविण्याचा लोभ धरू नये. ती कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा मान्यताप्राप्त संकलकाकडे सोपवावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

काही खुणा ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. स्वस्थ पडलेली बॅटरी कोमट लागणे, एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर अचानक घटणे, चार्जिंग पूर्ण न होणे, जोडांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसणे, गोडसर उग्र वास येणे, ही सारी दुखण्याची लक्षणे होत. फुसफुस ऐकू आली किंवा पांढरा धूर दिसला, तर बॅटरीला हात लावण्याची वेळ टळून गेली असे समजावे. माणसांना बाहेर काढावे, निघताना दार ओढून घ्यावे, आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवावे. बॅटरी पाण्यात भिजली होती, हेही त्यांना आवर्जून सांगावे. ते पुष्कळ पाणी वापरून तिला निववतील आणि ज्वाला विझल्यावरही बराच वेळ तिच्यावर नजर ठेवतील, कारण अशी बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते.

बॅटरीची किंमत मोठी असते, आणि बाहेरून सुकलेली, चालणारी वस्तू टाकून देणे कोणाच्याही जिवावर येते. तो मोह समजण्यासारखा आहे. पण आत काय चालले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही; आणि ज्या रात्री ती चार्जिंगला लावली जाते, त्या रात्री तिच्या शेजारच्या खोलीत घरची माणसे झोपलेली असतात. यंत्र कोरडे झाले का, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पाणी आत गेले होते का, हे विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर 'होय' असेल, तर ती बॅटरी घराच्या उंबरठ्याबाहेरच राहिली पाहिजे.