डीजेवर वाजते मायबोली!

खान्देशातली लग्नसराई म्हणजे ऐन उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकलेला, पऱ्हाट्या उपटून शेते मोकळी झालेली, हाताला चार दिवसांची सवड. अशा वेळी सोयरेधायरे जमावेत, पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी यांवर आडवा हात मारावा, मग मांडवात सुपारी कातरीत कोणाच्या विहिरीला किती पाणी राहिले याची चौकशी करावी, ही आम्हा म्हाताऱ्यांची सुखाची कल्पना. तिला अलीकडे एकाच गोष्टीने सुरुंग लावला आहे. ती म्हणजे डीजे.

डीजे पाहिला नाही असा वाचक आता धुळे-जळगावात उरला नसेल. तरी म्हाताऱ्याच्या नजरेने एकदा पाहा. एक टेम्पो. त्यावर ज्वारीच्या पोत्यांसारखी थप्पी लावलेली काळी खोकी. मागे धडधडणारे जनरेटर. वर एक पोरगा बसल्या जागी दोन बोटांनी बटणे फिरवतो आणि खाली दोनशे माणसे अंगात आल्यासारखी हलतात. पहिला ठोका पडला की घरावरचे पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकांशी बोलू लागतात आणि गोठ्यातला बैल दावे ताणतो. आमच्या शेजारचे एक आप्पा वीस वर्षे ठार बहिरे आहेत. गेल्या लग्नात ते दचकून म्हणाले, "कोन हाका मारी ऱ्हायना रे?" डॉक्टरांना जमले नाही ते डीजेने करून दाखवले!

कायदा आहे, नाही असे नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. ५५ डेसिबल म्हणजे ओट्यावर बसून दोघांनी सावकाश माराव्यात तशा गप्पा. हा नियम डीजेवाल्याच्या कानाशी जाऊन सांगा. तो मान वाकवून अदबीने विचारतो, "काय म्हणतस बाबा?" तुम्ही पुन्हा सांगता, तो पुन्हा विचारतो. तिसऱ्या खेपेला तुमचा घसा बसतो आणि वरात पुढे सरकते.

गाऱ्हाणे गाऊन झाले. आता खरी गोष्ट सांगतो. पुढच्या वरातीत कानात बोटे घालण्याआधी त्या गाण्याचे शब्द ऐका. मुंबईचे हिंदी नाही, पंजाबचे पंजाबी नाही. तो पोरगा चक्क आपली अहिराणी वाजवतो आहे! जी बोली बोलल्याबद्दल शाळेत आपल्या तळहातावर छडी बसली, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यासमोर जी घशातच गिळायला शिकवले, ती आता चार-चार खोक्यांतून गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाते. आणि तिच्यावर नाचणाऱ्यांत पुण्याला कंपनीत नोकरी करणारे, आपल्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलणारे नातूही असतात.

२०२२ च्या आसपासची दोन गाणी तर सगळ्या महाराष्ट्रात गेली. विनोद कुमावत यांचे 'हाई झुमकावाली पोर' आणि सचिन कुमावत-अण्णा सुरवाडे यांचे 'बबल्या इकस केसावर फुगे'. ही नावे वाचून शहरातल्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या असतील, पण तुम्हाला अर्थ सांगायला नको. गळालेले केस घेऊन त्याच्या बदल्यात फुगे देणारा फेरीवाला आपल्या गल्लीतून आजही जातो. बायका विंचरताना निघालेले केसांचे गुंतवळ भिंतीच्या फटीत कोंबून ठेवतात, फेरीवाल्याची आरोळी ऐकून पोरे ते घेऊन धावतात, आणि ते केस पुढे गंगावने आणि टोप करणाऱ्यांकडे जातात. असला व्यवहार गाण्यात येईल असे कोणाला वाटले होते? चंद्र, चांदणे, कमळ एवढ्यावरच ज्या गाण्यांनी वर्षानुवर्षे पोट भरले, त्यांच्या पंगतीत आमचा फुगेवाला जाऊन बसला. आणि त्यातला तो 'इकस' हा शब्द पाहा. विकतो म्हणजे इकस, करतो म्हणजे करस. अहिराणीचे हे व्याकरण नागपूर-कोल्हापूरच्या पोरांच्या तोंडी बसले, तेही मास्तर आणि छडीवाचून.

आमच्या वयाची मंडळी म्हणतात, हा सगळा धांगडधिंगा आहे, आमच्या वेळी असे नव्हते. यावर एकच विचारतो. आपल्या वेळी आपले आजोबा काय म्हणत होते? गावात पहिला कर्णा वाजला तेव्हा त्यांनीही कानांवर हात ठेवले होते. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू पडला की पोरे बिघडली म्हणून पारावर निकाल लागे, आणि निकाल देणारेच रात्री घोंगडी पांघरून मागल्या कनातीजवळ दिसत. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला तेव्हा घराघरांत नाके मुरडली गेली. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा मात्र त्याच घरांतल्या बायका थिएटरच्या दाराशी चपला काढून आत गेल्या. करमणुकीचा न्याय असा असतो.

एका मंत्र्यांनी तर देशाचीच आवड सुधारायला घेतली होती. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, शास्त्रीय संगीत भारी, असे त्यांचे मत. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. मग लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून सिलोनला नेला! अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायला माणसे दर बुधवारी रेडिओभोवती गोळा होऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. जे मंत्र्यांना जमले नाही ते पारावरच्या चार म्हाताऱ्यांना कोठून जमणार?

पण या साऱ्या काळात एक गोष्ट झाली नाही. रेडिओ आला, सिनेमा आला, दूरदर्शन आले, खान्देशची बोली मात्र त्यांत क्वचितच आली. मराठी सिनेमातला खेडूत बहुधा कोल्हापूरकडचा. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या स्मिता पाटील पडद्यावर चमकली, १९८५ साली पद्मश्री झाली, तेव्हा आपला ऊर भरून आला. १९८६ च्या डिसेंबरात ती गेली तेव्हा तापीकाठच्या घरांत आपले माणूस गेल्यासारखे झाले. तरीही पडद्यावर आपले माणूस दिसले, आपली भाषा दिसली नाही. अपवाद आसोद्याच्या बहिणाबाईंचा. अक्षर न शिकलेल्या या माउलीच्या कविता सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या, १९५२ साली त्या पुस्तकात आल्या, आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून आशाताईंच्या गळ्याने घरोघर पोचल्या. तिची बोली लेवा वळणाची, पण माती आपलीच.

बोली टिकली ती तमाशाच्या फडात. भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू, आनंदराव जळगावकर ही नावे घेतली की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे कंदील, धूळ आणि पहाटेपर्यंत रंगलेला वग उभा राहतो. वगातला राजा छापील मराठीत बोलायचा, पण सोंगाड्याने अहिराणीत एक वाक्य टाकले की मैदान उठून बसायचे. याकडे जरा नीट पाहा. राजाची भाषा वेगळी आणि विदूषकाची वेगळी. आपली भाषा विदूषकाच्या वाट्याला आली होती. तिथे ती जगली, हे सोंगाड्याचे उपकार. पण तेवढ्यावरच राहिली, हे आपले दुखणे.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला आणि वाटा फुटल्या. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पैसा नव्हता, म्हणून सायकलवर कॅमेरा ठेवून तिची ट्रॉली केली आणि बैलगाडीची क्रेन. जू खाली-वर केले की कॅमेरा वर-खाली. ही अक्कल कोणत्या शाळेत शिकवतात? या पोरांच्या धडपडीवर २००८ साली माहितीपट झाला आणि २०२५ साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट थिएटरात लागला. आता तर बैलगाडीचीही गरज राहिली नाही. एक फोन, एक ट्रॅक्टर, पाठीमागे केळीची बाग, की झाले गाण्याचे चित्रीकरण. नायिका जुवारीच्या धसकटातून चालते, तिच्या पायाला काय टोचत असेल ते तीच जाणे!

इथवर पोरांची वकिली केली, आता दोन शब्द त्यांच्या विरुद्ध. डीजेवरची दहा गाणी ओळीने ऐका. त्यांतली बरीचशी पोर, पोरीचा झुमका आणि नवऱ्याची दारू यांच्यातच फिरतात. अहो, या बोलीत एवढेच आहे का? आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात ती कोणत्या भाषेत? श्रावणात कानबाई बसते, रात्रभर जागरण होते, रोटांच्या जेवणाला सारी भाऊबंदकी एका घरी येते, तिथली गाणी कोणत्या भाषेतली? डफावर वही गातात ती? जात्यावरच्या ओव्या तर जात्याबरोबर माळ्यावर गेल्या. हे सगळे धन सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी आहे. त्या एकेक जात आहेत, आणि आपण पारावर बसून पोरांच्या झुमक्याला नावे ठेवीत आहोत. कोठार आपल्याकडे आणि कुलूपही आपलेच, मग पोरांनी पेरायला बियाणे आणावे कोठून?

आता थोडा हिशोब, शेतकऱ्याला हिशोब पटतो. जनगणनेत 'खान्देशी' या सदराखाली अहिराणीची मोजदाद होते. २००१ साली देशभरात २० लाख ७५ हजार लोकांची ही मातृभाषा नोंदली गेली. २०११ साली आकडा १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दोन लाखांची घट! त्याच २०११ साली जळगाव आणि धुळे या दोनच जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ६२ लाखांवर होती. यात मराठी, उर्दू, भिल्ली, पावरी बोलणारी घरे आहेत हे खरे. पण वाढत्या वस्तीत एखादी भाषा घटते ती दोन वाटांनी. एक तर घरातली पोरे ती बोलत नाहीत, किंवा बोलणारे ती सांगत नाहीत. आपल्याकडे दोन्ही वाटा वाहत्या आहेत. मोजणीदार विचारतो, मातृभाषा कोणती? आणि घरातला कर्ता माणूस, ज्याने आत्ताच बायकोला अहिराणीत चहा ठेवायला सांगितला, तो ऐटीत म्हणतो, "मराठी!"

तेव्हा यंदा दोन कामे करा, दोन्ही बिनपैशाची. पहिले काम म्हातारीला आणि नातवाला समोरासमोर बसवण्याचे. नातवाच्या हातात नाहीतरी दिवसभर फोन असतोच. आखाजीची, कानबाईची, हळदीची गाणी आजीने म्हणावीत आणि त्याने ती भरून घ्यावीत. अडलेला शब्द तिलाच विचारावा. डॉ. रमेश सूर्यवंशींसारख्या अभ्यासकांनी अहिराणीचा शब्दकोश केला आहे, पण घरातला चालता-बोलता कोश आधी उघडावा. उद्या त्यातलेच एखादे गाणे नातवाने डीजेवर चढवले तर रागावू नका. आजीची चाल आणि पोरांचा ठेका यांचे सोयरपण जुळले तर त्यापुढच्या पिढीलाही ते गाणे मिळेल. रात्री दहाला खोकी बंद करण्याची अट मात्र सुपारी देतानाच घाला, बोलाचाली नको, कागदावर. वरात सुरू झाल्यावर कोणाला काही ऐकू येत नाही, हे वर सांगितलेच आहे.

दुसरे काम जनगणनेचे. जून २०२५ मध्ये सरकारने २०२७ ची जनगणना जाहीर केली. मातृभाषेचा प्रश्न आला की लाजू नका. ज्याच्या घरी मराठी त्याने मराठी सांगावे, लेवा बोली, गुजर बोली असेल त्याने ती सांगावी. ज्याच्या घरी चूल, गोठा आणि भांडण अहिराणीत चालते, त्याने अहिराणी सांगावे. मोजणीदाराने नीट लिहिले की नाही तेही वाकून पाहावे. डीजेइतके मोठ्याने सांगायची गरज नाही. ५५ डेसिबल पुरे.