‘नुसता ओरखडा’ही जीवघेणा

रस्त्यावरच्या पिल्लाचा दात लागतो, थेंबभर रक्त येते. ‘एवढ्याशाला कुठे इंजेक्शन?’ म्हणत हळद, चुना किंवा मिरचीपूड दाबून विषय संपवला जातो. रेबीजचा विषाणू मात्र जखमेचा आकार पाहत नाही. तो नसांमधून मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. त्याआधी लस मिळाली तर जीव वाचतो. पाण्याची भीती, घशाचे आचके अशी लक्षणे दिसू लागली, की मृत्यू जवळपास अटळ असतो. म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. जखम भरली म्हणून डोस अर्धवट सोडू नयेत.